हवेतला ठोका

कवळी परत आली. डबीत, ओल्या कापसावर, हसत. कवळ्या कुठंही पडल्या तरी हसतात, त्याला इलाज नाही. दातांच्या लॅबमध्ये इतकी वर्षं काढल्यावर तिला त्या हसण्याचं काही वाटेनासं झालं होतं. पण आज मालकानं डबी टेबलावर आपटली नाही, हळूच ठेवली. आपटणारा माणूस हळूच ठेवायला लागला की समजावं, काम तमाम. "आतून बोट फिरवा, ताई," तो म्हणाला. तिनं डाव्या हाताची तर्जनी हिरडीवर बसणाऱ्या बाजूनं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. गुळगुळीत. "काय लागलं?" "काही नाही." "आता उजव्या हाताचं फिरवा." उजव्या हाताचं बोट अर्ध्यात अडकलं. मोहरीएवढा, टोकदार दाणा. साच्याच्या प्लास्टरमध्ये हवेचा बुडबुडा राहून गेला की कवळीत तिथं असा दाणा उगवतो, आणि तो बोटानं हुडकून घासून टाकणं हेच तर तिचं काम. उजव्या हातात घासायचं यंत्र, डाव्यात कवळी. घासायचं, चाचपायचं, घासायचं, चाचपायचं. डाव्या हाताचं हे एक बोट लॅबमधल्या सगळ्या भिंगांपेक्षा शहाणं आहे असं मालकच लोकांना सांगायचा. तो दाणा कुणा म्हाताऱ्याच्या हिरडीत रुतला होता आणि तो घास तोंडात धरून रडला होता, असं दाताच्या डॉक्टरनं फोनवर सुनावलं होतं. मालकानं तिचा डावा हात उचलून दिव्याखाली धरला, साचा धरतात तसा. चारही बोटांची टोकं पिवळट, टणक, मेलेल्या कातडीची. "हे काय?" "गिटार." "गिटार?" तो म्हणाला, एखाद्या रोगाचं नाव पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. "तुम्ही? या वयात?" तिनं हात सोडवून घेतला. मग तो खुर्ची ओढून बसला आणि समजुतीच्या सुरात बोलायला लागला, आणि समजुतीचा सूर तर तिला आपटण्यापेक्षा जास्त झोंबतो. म्हणाला, "दोन्ही नाही चालायचं. वाजवायचं असेल तर उद्यापासून प्लास्टरच्या टेबलावर बसा. प्लास्टर कालवायला बोटांची अक्कल लागत नाही. नाहीतर ते टुणटुण सोडा, कातडी सोलून नवी येऊ द्या, मग हे टेबल तुमचंच आहे." उद्या सकाळी सांगा, म्हणाला. उद्या. या शब्दावर तिचा दातओठ खाण्याइतका राग होता.

बाहेर पडली तेव्हा ऊन कलत होतं आणि रस्त्यावर सगळे घरी निघालेले लोक होते, घरी कोणीतरी बोलणारं असलेले. तिच्या खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत युकुलेले. दिसायला गिटारच्या पोटी जन्मलेलं कार्टं. चार तारा, लहान पोराच्या अंगरख्याएवढं. त्याची एक खुंटी सैल झाली होती, तार सारखी उतरायची, म्हणून आज क्लासला जाताना मास्तरांना दाखवायला बरोबर घेतलं होतं. एरवी ते घरी कपाटावर असायचं, जिथं नवऱ्यानं टाकलं होतं. नवऱ्याला छंद लागायचे, सर्दी लागते तसे. मासे पाळणं झालं, धावणं झालं, फोटो काढणं झालं, मग युकुलेले आलं आणि आठवडा भरायच्या आत कपाटावर गेलं. तीही त्याला छंद म्हणूनच लागली होती की काय, हे तिला फार उशिरा सुचलं. नवरा मेला नाही. मेला असता तर लोक भेटायला आले असते, चार दिवस कुणीतरी डबा आणून दिला असता. तो बॅग भरून आठवडाभराच्या कामाला म्हणून गेला आणि तिकडून फोनवर म्हणाला, इथं माझं दुसरं माणूस आहे, तू समजून घे. समजून घे! जसं काही तिचं गणित कच्चं होतं. फोन ठेवल्यावर तिला आधी रडू आलं नाही, आधी शर्ट आठवले. जायच्या आधीच्या आठवड्यात सासूनं त्याचे सगळे शर्ट इस्त्री करून ठेवले होते. ज्या बाईनं तिच्या डोळ्यांदेखत कधी इस्त्रीला हात लावला नव्हता, ती बाई दिवसभर उभी राहून कॉलर दाबत होती. थंडीतले जाड शर्टसुद्धा. आठवडाभर जाणाऱ्याला भर उन्हाळ्यात थंडीतले शर्ट कशाला लागतात? हा प्रश्न तिला तेव्हा पडला नाही. तिनं उलट म्हटलं होतं, "आई, द्या मी करते," आणि सासू मुलाकडं बघत म्हणाली होती, "तिला सांग, माझं होत आलंय."

तिला सांग. सगळा संसार या दोन शब्दांवर झाला. सासू तिच्याशी कधी सरळ बोललीच नाही, नेहमी मुलामार्फत. तिला सांग, दूध उतू चाललंय. तिला सांग, बेल वाजतेय. मुलगा आंघोळीला गेलेला असायचा, दुधापाशी सासू स्वतः उभी असायची, तरी तिला सांग. लग्नात हिनं नोकरी सोडणार नाही म्हटलं होतं, त्याचा हा सूड. एवढा जुना, की उगवणारीही विसरली असेल कशाबद्दल. मुलगा गेला आणि निरोप्याच गेला. मग दोघी त्या दोन खोल्यांत भांड्यांच्या आवाजानं बोलायला लागल्या. माहेरी परत जावं तर माहेर उरलं नव्हतं, आणि म्हातारीला घराबाहेर काढावं तर घर म्हातारीच्या नवऱ्याचं. शेवटी एका संध्याकाळी तिनं भाजीची सुरी खाली ठेवली आणि विचारलं, "आई, तुम्हाला माहीत होतं? तो जाणार ते?" म्हातारी टॉवेलच्या घड्या घालत होती. घडी अर्धी राहिली. तिनं मान वर केली, पहिल्यांदाच सुनेच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "उद्या बोलू." सरळ तिला म्हणून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी मोरीत पडलेली सापडली, तोंड वाकडं, उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. उद्या बोलू! असं टाळायचं असतं माणसाला? दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या तिला संताप आला होता आणि त्या संतापाची लाज वाटली होती, आणि मग लाजेचाच संताप आला होता, आणि तेव्हापासून ती जी थकली ती थकलीच.

वाचा गेली म्हणजे सगळीच गेली नाही. एक शब्द राहिला. "तेच." पाणी हवं, तेच. नको, तेच. उशी, ऊन, दुखतंय, पंखा, सगळं तेच. डोकं मात्र शाबूत. टीव्हीवरच्या विनोदाला बरोबर जागी हसायची, शेजारीण खोटं बोलली की भुवई वर करायची. तुम्हाला माहीत होतं का, असं तिनं पुन्हा एकदा विचारून बघितलं होतं. "तेच," म्हातारी म्हणाली. "तेच. तेच तेच." मान हलवून, डोळे विस्फारून, कपाळावरची शीर फुगेपर्यंत. काय समजायचं माणसानं? मान हो म्हणून हलत होती की नाही म्हणून, हेसुद्धा कळत नव्हतं. मग एक थेरपीवाली यायला लागली, बोलणं शिकवणारी, पांढरे बूट घालणारी उत्साही पोरगी. ती म्हणाली, "ज्यांचं बोलणं जातं त्यांचं कधी कधी गाणं शिल्लक असतं. डोक्यात गाण्याची खोली वेगळी असते. आजींचं आवडतं गाणं कुठलं? ते ठेक्यात म्हणायचं, डाव्या हातावर ठोके द्यायचे. गाणं सुटलं की त्याच चालीत आपलं साधं वाक्य घुसवायचं. मला पाणी हवं. तुम्ही म्हणायचं, त्या मागोमाग शेवटचा शब्द म्हणतील." "कळून म्हणतील?" "आधी पोपटासारखं म्हणतील. कळणं मागून येतं." सून म्हणाली होती, मला गाता येत नाही. आणि खरंच येत नव्हतं. शाळेत बाईंनी तिला ओळीत उभं करून नुसतं तोंड हलवायला सांगितलं होतं. "मग एखादं वाद्य घ्या की. हे बघा, कपाटावर आहेच."

असा तो क्लास लागला. लोकांना ती सांगायची, सासूसाठी शिकते. लोक म्हणायचे, कुठून आणता हो एवढी माया? माया! तिला एक उत्तर हवं होतं. हो किंवा नाही. बंद दाराचं कुलूप उघडायला माणूस हातोडी शिकेल, किल्ली घासायला शिकेल, ती तार छेडायला शिकली. क्लास म्हणजे जुन्या वाद्यांच्या दुकानामागची खोली, भिंतीला टेकलेल्या गिटारी, त्यातली एक हाती धरायची आणि गोल करून बसायचं. मास्तर केस गेलेला, पोट सुटलेला, आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नात वाजवून कंटाळलेला माणूस. पण ठेक्याच्या बाबतीत कडवा. "खाली, खाली-वर, वर-खाली-वर," तो मांडीवर आपटून म्हणायचा. "तिसऱ्या ठोक्याला काय आहे? काही नाही. म्हणून हात थांबवायचा? थांबवलात तर मेलात. हात खाली जाणार म्हणजे जाणार, तारेला लागणार नाही एवढंच. हवेतून जाऊ द्या. आवाज नसला तरी ठोका असतो." हे एवढं तिला जमायला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. तिचा हात तिसऱ्याला थबकायचा, कुणी हाक मारल्यासारखा. दात घासताना, साचे सुकायची वाट बघताना, रस्ता ओलांडताना ती मांडीवर हात चालवायची, हवेत, लागू न देता. पोलादी तारांनी बोटं आधी कापली, मग सुजली, मग त्यांना फोड आले आणि शेवटी त्यांनी दुखायचंच सोडून दिलं. तेव्हा तिला ती प्रगती वाटली होती. क्लासमध्ये गिटारवर शिकायचं, घरी येऊन तेच युकुलेलेवर. गिटारच्या जाड दोन तारा नाहीत असं समजायचं, उरलेल्या चारांवर बोटं तशीच्या तशी. ते गाणं मास्तरांनीच बसवून दिलं होतं, म्हातारी पूर्वी कपडे वाळत घालताना गुणगुणायची ते, कुठल्या जमान्यातलं कोण जाणे:

दिवा पलीकडं, मी अलीकडं, मधे नुसतं पाणी.

घरी वाजवायला सुरुवात केली त्या दिवशी म्हातारीचे डोळे चमकले होते. डावा हात आपणहून उचलून तिनं खुर्चीच्या दांडीवर ठेका धरला. तोंड उघडलं. मान ताणली, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या, आत कुठंतरी एक चिरका श्वास फिरला आणि तोंड मिटलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. रोज कामावरून आल्यावर, गॅसवर कुकर आणि मांडीवर हे, रोज. पुढं पुढं म्हातारी गाणं सुरू झालं की तोंड भिंतीकडं करायला लागली. थेरपीवाली म्हणाली, काहींना नाही जमत, वाईट वाटून घेऊ नका. पण तिला पक्कं ठाऊक होतं. ही मुद्दाम करतेय. एवढी वर्षं केलं तेच करतेय. बोलायचं नाही म्हणजे नाही. आता तर दुखण्याची सबबही आहे. एकदा ती बोलूनही गेली, "नका म्हणू. बसा तशाच. तुमच्या लाडक्यानं माझी लाज काढली, तुम्ही जीभ काढून ठेवा." आणि दिवा न लावताच आतल्या खोलीत निघून गेली. बाहेर अंधार वाढत गेला आणि त्या अंधारात दांडीवर ठेका चालू होता. टक, टक-टक, मधे एक जागा रिकामी, टक-टक. ते ऐकत ती पलंगावर पडून राहिली होती, कूस न बदलता, दगडासारखी.

दुकानात आज क्लासचं कुणी आलेलं नव्हतं. मास्तर एका गिटारच्या पोटात हात घालून काहीतरी शोधत होते. तिनं पिशवीतून ते कार्टं काढून दिलं. त्यांनी खुंटीचा स्क्रू आवळला, चारही तारा जुळवल्या. "वाजवा बघू, परत उतरते का." तिनं वाजवलं. दोन ओळी झाल्या आणि मास्तरांनी हात वर केला. "थांबा थांबा. हे काय वाजवताय?" "गाणं. तुम्हीच बसवलंत ते." "बोटं तीच. पण गाणं झाडावर चढवलंत की हो!" त्यांनी भिंतीची गिटार घेतली, तिच्यासारखीच बोटं ठेवली, छेडली. मग तिचं युकुलेले छेडलं. "ऐका. तीच बोटं, पण ही लहान आहे, हिच्या तारा वरच्या सुरात लावलेल्या. तीच बोटं ठेवलीत की सगळं गाणंच वर सरकतं. कोण म्हणतं यावर?" "सासू." "वय?" "पंचाहत्तर असेल." "आणि दुखण्यातनं उठलेला गळा." मास्तर हसले, पण तिचं तोंड बघून हसणं आवरतं घेतलं. "अहो, तिथं माझासुद्धा आवाज फाटेल. म्हातारीला माडीवर ठेवलेलं घ्यायला सांगताय, आणि शिडी काढून घेतलीत."

ती स्टुलावर बसली. कुणीतरी पाठीत गुद्दा घातल्यावर आधी श्वास जातो आणि दुखणं मागून येतं, तसं झालं. ताणलेली मान. दोरीसारख्या शिरा. तोंड भिंतीकडं. रोज संध्याकाळी एक म्हातारी उडी मारून बघत होती आणि ही खाली उभी राहून म्हणत होती, मुद्दाम पोचत नाहीस. माणसाचा राग किती शिस्तीचा असतो. आपल्याला हवा तो पुरावा तो रोज वेळेवर आणून देतो. "आता?" तिनं विचारलं. "दोन रस्ते. याच्यावर नवी बोटं शिका, खालच्या सुरातली. सगळं पहिल्यापासून." "दुसरा?" मास्तरांनी मान गिटारकडं वळवली. "ही न्या. बोटं बसलेली आहेतच. जुनी आहे, तारा जरा करवतीसारख्या आहेत, पण सूर पक्का. झालं की आणून ठेवा." नवी बोटं, पहिल्यापासून. तिनं स्वतःच्या डाव्या हाताकडं बघितलं. लॅबचं निम्मं भांडवल. अंगठ्यानं चारही टोकं चाचपली. अंगठ्याला बोटं लागत होती, बोटांना अंगठा लागत नव्हता. या तारा घरी नेल्या की उरलंसुरलंही जाणार होतं, कातडी सोलून नवी येणं वगैरे विसरायचं. उद्या सकाळी सांगा. तिनं गिटार काखेत घेतली. रस्त्यानं जाताना ती दारांना, खांबांना, माणसांना लागत होती आणि प्रत्येक धक्क्याला आतून एक खोल हुंकार देत होती, पोटात कोंडलेल्या माणसासारखा.

घरी शेजारीण म्हातारीपाशी बसली होती, ती उठून गेली. खिडकीत अजून उजेड होता. म्हातारीनं गिटार पाहिली आणि भुवई वर केली. "तेच?" "तेच," ती म्हणाली, "पण खालून." चपला काढल्या नाहीत, हात धुतले नाहीत, नखांत लॅबचं गुलाबी मेण तसंच. स्टूल ओढून खुर्चीसमोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. खाली, खाली-वर, हवेत, वर-खाली-वर. गिटारचा आवाज लाकडातून, मांडीतून, जमिनीतून गेला असावा, कारण म्हातारीची पाठ खुर्चीपासून सुटली. मान ताणली गेली नाही. हनुवटी उलट खाली आली, आणि कितीतरी दिवस बंद असलेल्या नळाला आधी खरखर यावी, मग गढूळ, मग पाणी, तसं आलं. "दिवा... पलीकडं..." जाड, घोगरा, पुरुषी वाटावा असा आवाज. पण शब्द. सगळे शब्द, एकही वाकडा नाही. "मी अलीकडं. मधे नुसतं पाणी." म्हातारी स्वतःच दचकली. डाव्या हातानं स्वतःचं तोंड चाचपलं, हे कोण बोललं म्हणून. आणि मग परत, आणि परत, हावरटासारखं, डोळ्यांतून पाणी गळतंय त्याचं भान नाही, तीच ओळ. ती वाजवत राहिली. आनंद झाला का तिला? झाला असेल. पण तिच्या डोक्यात दुसरीच ओळ तयार होती, केव्हापासून घासून, चाचपून, गुळगुळीत करून ठेवलेली.

गाण्याची ओळ संपली तशी तिनं त्याच चालीत, बेसूर, आपली घातली. "शर्ट इस्त्रीचे, जाणार होता, तुम्हाला माहीत होतं." म्हातारीचा ठेका चुकला नाही. ओठ हलले. "होतं," तिनं म्हटलं, ओळीच्या शेवटी, सुरात. झालं. आलं उत्तर. आणि ते आल्याबरोबर तिच्या लक्षात आलं, हे उत्तर नव्हे. पोपट. शेवटचा शब्द मागोमाग म्हणणार, सांगितलंच होतं पोरीनं. आपण म्हटलं 'होतं', ती म्हणाली 'होतं'. जेवलात म्हटलं असतं तर जेवलात म्हणाली असती. एवढ्यासाठी बोटं मारली? हात चालूच होता. खाली, खाली-वर. मग तिनं ओळ फिरवली. तिला स्वतःला ती ओळ खरी हवी होती की खोटी, हे कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. "शर्ट इस्त्रीचे, जाणार होता, आईला माहीत नव्हतं." आता म्हण. पोपट असशील तर म्हण 'नव्हतं', आणि आपण दोघी सुटू. दारच दाखवलं होतं तिनं म्हातारीला, उघडं, समोर. नुसतं मागोमाग जायचं होतं. म्हातारीच्या ओठांवर 'न' आला. जीभ वर चिकटलेली दिसली. ठोका गेला. मग म्हातारीनं जीभ सोडवली, सुनेच्या डोळ्यांत बघितलं, सरळ, टॉवेलच्या घड्यांच्या त्या संध्याकाळी बघितलं होतं तसं, आणि बरोबर तिसऱ्या ठोक्याला, जिथं हात हवेतून जातो आणि तार वाजत नाही, त्या रिकाम्या जागेत म्हणाली, "होतं."

तिचा हात थांबला. गिटार थोडा वेळ आपली आपण घुमली आणि विझली. "तेच," म्हातारी म्हणाली. "तेच. तेच तेच." ठेका गेला तसे शब्दही गेले होते, दार परत लागलं होतं. म्हातारी तिचा हात बघत होती, तो कुठं थांबलाय ते. मग डावी मूठ खुर्चीच्या दांडीवर पडायला लागली. टक. टक-टक. रिकामी जागा. टक-टक. चेहरा लाल, ओठ हलताहेत, आत काहीतरी रांग लावून उभं. अजून सांगायचं होतं तिला. का ते. केव्हापासून ते. कदाचित मुलाच्या नावानं शिव्या, कदाचित सुनेच्या. कदाचित नुसतं, इस्त्रीनं हात भाजला होता. काय असेल ते असो, ते सुनेच्या हातावर अडलं होतं. तिनं हात उचलला नाही तर म्हातारी ते सगळं पोटात घेऊन मरणार होती, आणि कुणी तिला बोल लावला नसता. लोक मायाच म्हणाले असते. तिच्या जिभेवर दोन शब्द आले. उद्या बोलू. किती सोपे, किती गोड होते. ते तिनं तोंडात धरले, गोळीसारखे, जरा वेळ. मुठीचा ठोका चालू होता. उद्या सकाळी आपण प्लास्टरच्या टेबलावर असणार, हे तिला त्या ठोक्यांमध्येच, काही न ठरवता, कळून गेलं. डाव्या हाताची बोटं तारांवर दाबली. काही लागलं नाही. उजवा हात वर गेला, आणि खाली आला.

"सांगा," ती म्हणाली, बेसूर, पण ठोक्यावर. "मला सांगा."